बेंबीच्या डावीकडे

सोमवार, ६ जानेवारी

डॉक्टरांनी आज इन्सुलिन सांगितले. अकरा वर्षे गोळ्यांवर भागले, आता भागणार नाही म्हणाले. तीन महिन्यांची शुगरची सरासरी साडेदहा आली आहे. लॅबच्या मशीनची तपासणी शेवटची कधी झाली होती, असे मी विचारले. डॉक्टरांनी उत्तर न देता पुढच्या पेशंटला आत बोलावले. म्हणजे झालेली नसणार.

इन्सुलिन कसे घ्यायचे ते डॉक्टर शिकवत नाहीत. सिस्टर शिकवतात. एक मंगळवार सोडून एक, दुपारी चार वाजता, तळमजल्यावर एक्स-रेच्या पलीकडच्या खोलीत. एकूण सहा क्लास. म्हणजे जवळजवळ तीन महिने. एक सुई टोचायला तीन महिने. मी वजनमापे खात्यात निरीक्षक झालो तेव्हा माझे ट्रेनिंग चार आठवड्यांत आटोपले होते, आणि त्यात पेट्रोल पंपसुद्धा आले.

ही म्हणाली, मीही येते क्लासला. नको म्हटले. घरातल्या दोघांनी एकच गोष्ट शिकणे म्हणजे मनुष्यबळाचा अपव्यय.

मंगळवार, ७ जानेवारी

क्लास पाहिला. प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या, एक बेसिन, भिंतीवर पोटाचे चित्र. सिस्टर पस्तिशीच्या असाव्यात. आवाज हळू. हळू बोलणाऱ्या माणसाला विषयाची खात्री नसते, असा माझा अनुभव.

सुरुवातीलाच त्यांनी विचारले की सुईची भीती कुणाकुणाला वाटते. एका सुताराने हात वर केला. दिवसभर करवत चालवणारा माणूस. माझ्या शेजारी एक शिंपीणबाई होत्या, साठीच्या, त्यांनीही अर्धा हात वर केला. अख्खे आयुष्य सुईत गेलेले. मी हात खालीच ठेवला.

मग प्रत्येकाला इन्सुलिनचे पेन दिले, पुढे सुई लावायचे, आणि स्पंजच्या तुकड्यांवर टोचायचा सराव. चित्राखालच्या मजकुरात ‘मिलिलिटर’ नीट लिहिलेले नव्हते, ते मी लक्षात आणून दिले. सिस्टर थँक्यू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी बरेच काही सांगितले, पण तोवर मी चित्रातली दुसरी चूक शोधत होतो.

डोस: सकाळी नाश्त्याआधी बारा, संध्याकाळी जेवणाआधी आठ. उद्यापासून सुरू.

बुधवार, ८ जानेवारी

सुरू केले नाही. कारण सरळ आहे. तपासणी न झालेले मोजमापाचे साधन वापरणे बेकायदा आहे, आणि हे मी लोकांना अठ्ठावीस वर्षे सांगत आलो आहे. पेन उद्या ऑफिसला नेतो.

गुरुवार, ९ जानेवारी

नेले. आमच्या लॅबमधल्या बारीक तराजूवर दहा युनिट सोडले. शंभर मिलिग्रॅम भरायला हवे. भरले एकाहत्तर. पुन्हा दहा. अठ्ठ्याण्णव. पुन्हा. शंभर. म्हणजे साधन चंचल आहे. खात्री करण्यासाठी आणखी चौदा वेळा सोडले. निम्मे औषध संपले, पण सत्य बाहेर आले. पेन बनवणाऱ्या कंपनीला कडक पत्र लिहून पोस्टात टाकले.

दुपारी हिचा फोन. सकाळचे इंजेक्शन झाले का? प्रक्रिया सुरू आहे असे सांगितले.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी ७.४०. सगळी तयारी. पलंगाच्या कडेला बसलो आहे. पेन हातात.

८.२५. उजवा खांदा जुना दुखरा आहे. पेन धरायचा कोन जमत नाही. ऑफिसला उशीर होतो आहे. खांद्याला शेक देऊन उद्या.

शनिवार, ११ जानेवारी

झाले. ही अंघोळीला गेलेली असताना. बेंबीच्या डावीकडे चार बोटे. काही दुखले नाही. लोक उगाच बाऊ करतात. डोळे मिटले होते हे खरे, पण एकाग्रतेसाठी. नंतर थोडा वेळ डोके गुडघ्यांत घालून बसलो होतो. ही बाहेर आली आणि काय झाले म्हणून विचारू लागली. चप्पल शोधतोय म्हटले. चप्पल पायात होती.

जागा मात्र उत्तम सापडली. आता हीच कायम.

मंगळवार, २१ जानेवारी

दुसरा क्लास. सिस्टरनी सांगितले की दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडायचे, सुईच्या टोकावर थेंब दिसला पाहिजे. नाहीतर सुईतली हवाच पहिल्यांदा जाते आणि डोस कमी पडतो.

एकाहत्तरचा उलगडा झाला.

हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. सुतार म्हणाला, मागच्या वेळी सांगितले होते, दोनदा. मी तेव्हा चित्र बघत होतो म्हणे. कंपनीला पत्र गेलेले आहे. गेलेले पत्र परत मागवण्याची पद्धत नाही.

आणखी एक. सुई आत गेल्यावर दहापर्यंत मोजायचे आणि मगच काढायची. मी तीनपर्यंत मोजतो, पण मी सावकाश मोजतो.

शेवटी जागा बदलण्याविषयी. आज पोटाची उजवी बाजू, उद्या डावी, मग मांडी, दोन टोचण्यांमध्ये दोन बोटांचे अंतर. मी माझ्या कायम जागेचा फायदा सगळ्यांना समजावून सांगितला. सिस्टरनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "जागा बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे गाठ होते." हा सर्वसाधारण लोकांसाठीचा सल्ला. त्यांना सर्वांना मिळून एकच बोलावे लागते, त्याला त्या तरी काय करणार.

घरी जाताना प्रत्येकाला शुगर मोजायचे छोटे मशीन आणि एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ बोट टोचून शुगर बघायची आणि वहीत लिहायची. नोंदी ठेवणे मला कुणी शिकवायला नको.

शनिवार, २५ जानेवारी

पहिले रीडिंग २६३. हाताला काहीतरी लागलेले असावे. ग्राह्य धरले नाही.

रविवार, २६ जानेवारी

२४१. मशीन गार पडले होते. ग्राह्य नाही.

शिवाय बोट टोचणे हे पोट टोचण्यापेक्षा वाईट. पोटात निदान काही दिसत नाही.

विचारांती असे ठरवले की रीडिंग घेण्याऐवजी, आदल्या दिवशी काय खाल्ले त्यावरून शास्त्रीय अंदाज बांधायचा. आजचा अंदाज १३८. वहीत लिहिला. मागच्या चार दिवसांचेही लिहून टाकले: १३१, १४२, १३६, १२९. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. आमच्या खात्यातही मान्य फरक नावाची गोष्ट असते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तिसरा क्लास. वह्यांची तपासणी. सिस्टर माझी वही बराच वेळ चाळत होत्या. मग विचारले, तुम्ही रोज याच पेनाने लिहिता का? हो म्हणालो, सातत्य महत्त्वाचे. त्यांनी मान डोलावली.

शिंपीणबाईंची वही म्हणजे विचारू नका. चहाचे डाग, खाडाखोड, कुठे ९०, कुठे २४०, मध्येच ‘लग्नाचे ब्लाउज होते, विसरले’ असा शेरा. सिस्टरनी ती वही वर धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या की अशी वही हवी. मी दुकानदारांच्या वह्या तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. अशी वही माझ्यासमोर आली असती तर दुकानच सील केले असते.

फार वाईट वाटले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

थकवा. सारखी तहान. टेबलावरचा पाण्याचा जग दुपारपर्यंत दोनदा भरावा लागतो. चष्म्याचा नंबर बदलला असावा, सीलवरचे आकडे पुसट दिसतात. सिस्टरनी दिलेला डोस जरा घाबरत घाबरत दिलेला दिसतो. सकाळचे बाराचे चौदा केले. एवढा निर्णय मला घेता येतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चौथ्या क्लासला गेलो नाही. ऑफिसात मीटिंग होती. मीटिंग साडेतीनला संपली, पण मनाने मी मीटिंगमध्येच होतो.

चौदाचे सोळा.

रविवार, २३ फेब्रुवारी

कटकट झाली. हिने माझ्या औषधाचा खण आवरायला काढला. सुयांचा शंभरचा डबा, दिवसाला दोन टोचण्या, म्हणजे आत्तापर्यंत संपत आलेला असायला हवा. हिने सुया मोजल्या. चौऱ्याण्णव निघाल्या. म्हणजे सहा सुयांत दीड महिना काढलात, असे ही म्हणाली. मी म्हटले, सुई बोथट होईपर्यंत ती सुईच असते. त्यावर ही म्हणाली, सिस्टरनी दिलेल्या कागदावर तर दर वेळी नवी सुई असे लिहिले आहे. तो कागद मी कचऱ्यात टाकला होता. हिने काढून, इस्त्री करून, कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. दीड महिना तो तिथे आहे आणि मला पत्ता नाही.

दिवसभर अबोला. माझा नव्हे, हिचा.

शनिवार, १ मार्च

सोळाचे अठरा, अठराचे वीस. अठराला काहीच फरक पडत नव्हता. हे औषधच भेसळीचे असावे. पुढच्या क्लासला विषय काढणार आहे, पुराव्यासकट.

मंगळवार, ४ मार्च

हे लिहू की नको असा विचार करत होतो. पण ही वही माझी आहे, इथे कुणी येत नाही.

पाचवा क्लास. सिस्टरनी आपापली शुगरची मशीन घेऊन यायला सांगितले होते. मला वाटले सेल बदलून देणार असतील. त्यांनी माझे मशीन घेतले, दोन बटणे एकदम दाबली आणि पडद्यावर जुने आकडे एकामागून एक यायला लागले. मशीनला मेमरी असते. पाच आठवडे ते माझ्या खणात बसून सगळे लक्षात ठेवत होते, आणि कुणी मला सांगितले नाही.

पाच आठवड्यांत सहा रीडिंग. २६३. २४१. २८८. २५५. ३०१. ३१४.

सिस्टरनी ते क्लासला दाखवले नाही. मशीन फक्त माझ्याकडे वळवले आणि माझी वही शेजारी ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "वही मार्क मिळवायला नाही. मला डोस ठरवता यावा म्हणून आहे." मी सेलविषयी काहीतरी बोललो. शिंपीणबाई एवढा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर भिंत आहे.

मग पडद्यामागे नेऊन त्यांनी पोट तपासले. बोटे बरोबर माझ्या कायम जागेवर येऊन थांबली. माझाच हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली काहीतरी मऊ, जाडसर, अर्ध्या लिंबाएवढे. रोज त्याच्यावर टोचतो आहे आणि हाताला कधी लागले नव्हते, कारण हात कधी लावलाच नव्हता.

त्या म्हणाल्या, इथे दुखत नाही ना, म्हणूनच तुम्ही इथे टोचता. आणि इथे टोचलेले औषध इथेच अडकून राहते, रक्तात नीट पोचतच नाही. उद्यापासून उजवी बाजू, नवी सुई. तिथून औषध पूर्ण लागेल, तेव्हा डोस उलट कमी करावा लागेल.

मग विचारले, "सकाळी बाराच घेता ना?"

मी मान हलवली. मान हलवणे आणि हो म्हणणे यात फरक आहे.

तर सकाळी दहा घ्या, दिवसातून चार वेळा शुगर बघा, आणि टोचल्यावर अर्ध्या तासात खा, असे म्हणाल्या.

बुधवार, ५ मार्च

सकाळी ७.१५. नवी बाजू. दुखले. चांगलेच दुखले.

वीसच घेतले. विसावरून एकदम दहावर येणे शरीराला झेपणार नाही. त्या बारावरून दहा म्हणाल्या होत्या, विसावरून नव्हे. हा हिशेब त्यांना माहीत नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला मला लागू होत नाही.

आज बाजारात तपासणीचा दिवस. ऑफिसची जीप अर्धा तास आधीच आली आहे. खाली हॉर्न वाजतो आहे. नाश्ता वाटेत बघू.

गुरुवार, ६ मार्च

काल नाश्ता झाला नाही. सगळे क्रमाने लिहितो. तसे लिहायची सवय आहे.

अकराच्या सुमारास आम्ही बाजारातल्या एका किराणा दुकानात पोचलो. ड्रायव्हर मला सोडून जीप गॅरेजला घेऊन गेला. दुकान एक बाई चालवतात. मागच्या वर्षी याच बाईंच्या तराजूत किलोमागे चाळीस ग्रॅमची तफावत सापडली होती, आणि मी तराजू जप्त केला होता. आता नवा होता. त्यावर मी आमचे एक किलोचे प्रमाणित वजन ठेवले. तराजूने एक किलो दाखवले.

मला ते पटेना. मी पुन्हा ठेवले. पुन्हा एक किलो. मला वाटले आकडा हलतो आहे. हात थरथरत होता, पण मला वाटले तराजूच थरथरतो आहे. शर्ट भिजला होता. बाई म्हणाल्या, साहेब, बरोबर तर आहे. मी म्हणालो की वजनच चुकीचे आहे. अठ्ठावीस वर्षे ते पितळी वजन माझ्या बॅगेत आहे आणि काल मी त्याच्यावर ओरडलो. तुला कुणी शिक्का मारला, असे त्याला विचारले म्हणे. हे मला आठवत नाही. बाईंनी नंतर सांगितले.

एवढे आठवते की तांदळाच्या पोत्यावर बसलो होतो आणि बाईंनी एका हाताने माझी हनुवटी धरली होती. तोंडाला ग्लास. पाण्यात साखर, तीन मोठे चमचे. संपेपर्यंत ग्लास काढला नाही. त्यांच्या आईला पंधरा वर्षे इन्सुलिन आहे. आई मागच्या खोलीत असतात. तिथून मशीन आणून त्यांनी माझे बोट टोचले, मला न विचारता. साखर प्यायल्यावरही ५८ होती. आधी किती असेल ते विचारू नका म्हणाल्या.

मग घड्याळात बघून पंधरा मिनिटे मला उठू दिले नाही. मध्ये गिऱ्हाइके येत होती. त्या माझ्या डोक्यावरून डाळ मोजत होत्या आणि लोकांना सांगत होत्या की साहेबांना जरा बरे वाटत नाही. कुणालाही दुसरे काही सांगितले नाही. मग बिस्किटे दिली, आणि विचारले, "घरी फोन करू? नंबर सांगा."

मला नंबर सांगता आला नाही.

एकोणीस वर्षे तोच नंबर आहे. हिचा चेहरा समोर होता, जिन्यातला दिवा दिसत होता, दारावरची पाटी दिसत होती. आकडे नव्हते. एकही. मी माणूस आकड्यांचा आहे. त्या वेळी जे वाटले ते इथे लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. दोन-तीन मिनिटांनी एक आकडा आला, मग बाकीचे आले.

ही रिक्षाने आली. बाईंचे हात धरून बराच वेळ उभी होती. जाताना बाईंनी विचारले की साहेब, तराजूवर शिक्का? मारला. वाकडा बसला.

रिक्षात बसलो. मी सगळा पाढा वाचून दाखवला: वीस, वही, सगळे. मग ती म्हणाली, "मला खोटं सांगितलंत, त्याचं मी बघून घेईन. त्या सिस्टरना कशाला खोटं सांगितलंत? त्या तुम्ही सांगाल त्यावरच चालणार ना."

माझ्याकडे उत्तर होते. रिक्षाच्या आवाजात राहून गेले.

शुक्रवार, ७ मार्च

मंगळवार नसताना हॉस्पिटलला गेलो. ही बरोबर. सिस्टर जेवत होत्या, डबा झाकून बाहेर आल्या.

सांगितले. बारा नव्हे, वीस. वहीतले आकडे माझ्या मनातले. सुया सहा. दहापर्यंत मोजणे कधीच नाही. मला वाटले होते या सगळ्याला तासभर लागेल. चार मिनिटे लागली. मधली दोन तर प्रस्तावनेत गेली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला उलट बोलता आले असते. त्यांनी कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून सगळे लिहायला लागल्या. मग आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या. सकाळी दहा, संध्याकाळी सहा, आणि रोज शुगरचे आकडे त्यांना फोनवर कळवायचे. हिने पेन हातात घेतले, औषध ढवळण्यासाठी तळहातांत फिरवले, दोन युनिट हवेत सोडले, थेंब दिसल्यावर माझ्याकडे बघितले. एका दमात जमले.

मग सिस्टरनी मला विचारले की सुईची भीती वाटते का. नाही म्हणालो. ही छताकडे बघू लागली. जरा वेळाने मी म्हणालो, थोडी.

"मग ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "वाटत नाही म्हणणाऱ्यांचीच मला काळजी असते."

बुधवार, १२ मार्च

आकडे: सकाळी २१२, दुपारी १७६, संध्याकाळी ९४, झोपण्याआधी १८९. काही ताळमेळ नाही. अत्यंत अस्ताव्यस्त. सिस्टर फोनवर म्हणाल्या, छान.

याला छान म्हणणाऱ्या शास्त्रापुढे मी हात टेकले आहेत.

मंगळवार, १८ मार्च

सहावा आणि शेवटचा क्लास. सर्वांसमोर टोचून दाखवायचे होते. सुताराने डोळे उघडे ठेवून दाखवले. शिंपीणबाई टोचताना कुणाशी तरी ब्लाउजच्या गळ्याविषयी बोलत होत्या. मी सातपर्यंत मोजले आणि सुई काढली. सिस्टर म्हणाल्या, अजून तीन. पुढच्या वेळी.

पण महत्त्वाची घटना नंतरची. सगळे निघाल्यावर सिस्टरनी मला थांबवले. एक तारखेला नवी बॅच सुरू होते आहे, तुम्ही याल का म्हणाल्या. तुमच्यामुळे त्यांना जे कळेल ते माझ्या सांगण्याने कळत नाही. हे त्यांचे शब्द, मी दारातच कागदावर उतरवून घेतले.

म्हणजे पाहुणा व्याख्याता. अख्ख्या बॅचमधून एकच निवडला. शिंपीणबाईंना विचारलेले नाही. मी खात्री करून घेतली.

शनिवार, २२ मार्च

व्याख्यानाचा विषय ठरला: ‘अचूकता आणि मधुमेही’. चाळीस मिनिटे. मग प्रश्नोत्तरे. प्रास्ताविकात वजनमापांचा इतिहास थोडक्यात, बारा मिनिटे. ऑफिसच्या प्रिंटरवर बावीस तक्ते काढले. बाजारातल्या प्रसंगाचा उल्लेख ‘एक तांत्रिक अडचण’ असा केला आहे.

रविवार, ३० मार्च

हिच्यासमोर तालीम. सातव्या तक्त्याला ही कुंड्यांना पाणी घालून येते म्हणाली. आमच्याकडे चार कुंड्या आहेत. अर्धा तास लागला.

कोट इस्त्री करून ठेवला. टाय निळा.

मंगळवार, १ एप्रिल

अर्धा तास आधी पोचलो. नवे अकरा जण. वेगवेगळी वये, सगळ्यांचे चेहरे मी सहा जानेवारीला घरी घेऊन गेलो होतो तसे. सिस्टरनी ओळख करून दिली: हे आपल्या मागच्या बॅचचे, मुद्दाम वेळ काढून आले आहेत. मी उठलो, फाइल उघडली, घसा साफ केला.

सिस्टर म्हणाल्या, फाइल राहू द्या. कोट काढून इथे कॉटवर झोपा, आणि शर्ट जरा वर घ्या.

मला वाटले ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती.

दहा जण रांगेने आले. हात गार. आधी उजवीकडे दाबा, मग डावीकडे, फरक कळतो का बघा. पहिल्या दोघांना सापडेना. सिस्टर म्हणाल्या, जोरात दाबा, त्यांना दुखत नाही. हे त्यांनी माझ्या वतीने सांगितले. मग सापडली. एक आजी म्हणाल्या, अगं बाई, उशीत कापूस गोळा होतो तशी. एका माणसाने चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघितले. मी छताकडे बघत होतो. छतावर ट्यूबलाइट आहे, एका टोकाला काळी पडलेली. टाय तोंडावर येत होता.

शेवटचा माणूस जागचा उठला नाही. माझ्याच वयाचा, बँकेत असावा, हातात ऑफिसची बॅग. तो सिस्टरना सांगत होता की पेन आठ दिवसांपूर्वीच मिळाले, त्याने आपले आपण सुरूही केले आहे, आणि त्याला एक जागा सापडली आहे, तिथे अजिबात दुखत नाही. तो ती बदलणार नाही. सिस्टर हळू आवाजात त्याला समजावत होत्या. तो ऐकत होता, म्हणजे ऐकत नव्हता. भिंतीवरचे चित्र बघत होता.

मी कॉटवरून म्हणालो, "साहेब, इकडे या. दाबून बघा."

बॅग खाली न ठेवताच तो आला. दोन बोटे ठेवली, दाबली. पुन्हा दाबली. काढेना. मग त्याने हात काढला, बॅग खुर्चीवर ठेवली, आणि स्वतःच्या शर्टात हात घालून चाचपायला लागला.

व्याख्यान झाले नाही. तक्ते पिशवीतून परत आणले. दारापर्यंत सोडायला सिस्टर आल्या, म्हणाल्या फार उपयोग झाला. पुढच्या बॅचलाही येऊ का, असे मी विचारले. त्यांनी थोडा विचार केला. त्या जागी टोचणे बंद केले आहे, तेव्हा दोन-तीन महिन्यांत गाठ विरून जायला हवी, म्हणाल्या. तोवर जरूर या.

म्हणजे नेमणूक तात्पुरती आहे.